साहेबाकडची बाजू

“घाण कमी पडली,” आबा म्हणाला.

त्याच्या तळहातावर माझा डबा होता. मालगाडीचा चारचाकी बंद डबा, दोन काडेपेट्या मागेपुढे ठेवल्या तर होईल एवढा. आबाने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला आणि एका चाकावर नखाने टकटक केलं. चाक वाजलं नाही. त्या आकाराचं चाक वाजत नसतं. पण सगळी नोकरी रेल्वेत, मालगाडीच्या चाकांवर हातोडी ठोकत काढलेला माझा बाप तो, ठोकल्याशिवाय त्याला राहवेना.

“कुठे कमी पडली?” मी विचारलं.

“हे पाह्य. दाराच्या कडीखाली. हमाल रोज कडी धरते, म्हणून कडी चकचकीत राह्यते अन् तिच्या खाली हाताचा मळ बसते. तुह्या डब्याले हमालानं हातच लावेल नाही. केळं काय उडत जाऊन बसलं आत?”

मी मुकाट्याने सुई उचलली आणि कडीखाली मळ ओढायला घेतला. आबा समोर स्टुलावर बसून राहिला. दोन महिन्यांपूर्वी याच आबाने मला पोरीबाळींसारखा खेळत बसतो म्हणून शिव्या घातल्या होत्या. आता दर रविवारी सकाळी चहा व्हायच्या आत माझ्या टेबलापाशी हजर.

मी दातांच्या कवळ्या बनवायचो, अजूनही बनवतो. पाटी डॉक्टरची लागते, माप डॉक्टर घेतो, दात मागच्या खोलीत बसून आम्ही करतो. या धंद्यात पहिली अक्कल ही येते की पांढरेशुभ्र दात बसवले तर म्हातारा फोटोतल्यासारखा दिसतो, हार घातलेल्या फोटोतल्यासारखा. जन्मभर पान-तंबाखू खाल्लेल्या तोंडात दात कसे शोभतील याचा हिशोब करून जरा पिवळटपणा द्यायचा, एखाद्या दाताला बारीक चीर पाडायची, कडेला तपकिरी रेघ मारायची. मालडब्यांचंही तसंच. नुसता बनवलेला डबा म्हणजे नवी कवळी. त्याला मळवावं लागतं. बाहेरदेशच्या मासिकांत या कामाला मोठं भारदस्त नाव आहे, मी मळवणंच म्हणतो. कानशीने खरा गंज खरवडून वार्निशमध्ये कालवायचा, विटेची पूड घ्यायची, काजळी घ्यायची, आणि कवळीवर रेघा ओढायच्या त्याच सुईने एकेक ओघळ खाली उतरवायचा.

लोक याला छंद म्हणतात. म्हणोत. ज्यांच्या घरात छंदासाठी वेगळी खोली असते त्यांचा असेल छंद. मी हे काम पंख्याखाली, दुसऱ्याच्या दातांच्या साच्यांमध्ये जागा करून करत होतो, आणि त्या वर्षी एका उद्देशाने करत होतो.

आमच्या जंक्शनचं नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मं गाव माझ्या दारात उभं राहील. खानदेशातलं आहे, आसपास केळीचे मळे आहेत, एवढं पुरे. मी चौथीत होतो तेव्हा आमच्या जंक्शनवरून निघालेल्या मालगाडीचा एक डबा पुढच्या स्टेशनच्या अलीकडे रुळांवरून उतरला आणि खड्ड्यात आडवा झाला. माणूस कोणी मेला नाही, जखमी झाला नाही. पण डबा दिल्लीला चाललेल्या केळ्यांनी भरलेला होता. आसपासच्या गावांनी आठवडाभर केळी खाल्ली, मग गुरांनी खाल्ली, मग गुरांनीही खायची सोडली आणि नुसता वास राहिला. चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. डबा तपासायचं काम आबाचं होतं.

आबा सांगायचा, मी तो डबा सिक केला होता. नादुरुस्त डब्याला यार्डात सिक म्हणतात, म्हणजे आजारी. त्याच्यावर खडूने खूण करायची, मग तो बाजूच्या लाइनीत उभा राहतो आणि दुरुस्तीशिवाय हलत नाही. आबाला इंग्रजी लिहिता येत नव्हतं, त्याची खूण म्हणजे गोल आणि गोलात फुली. सगळं यार्ड ती ओळखायचं. पण त्याच आठवड्यात मोठा साहेब पाहणीला येणार होता, आणि साहेब येणार म्हटल्यावर आमच्या जंक्शनचं जे व्हायचं ते झालं. दगडांना चुना, झाडांना गेरू, कुंड्यांना लाल रंग. एक कुत्रं प्लॅटफॉर्मवर निजलेलं होतं, ते वेळीच उठलं म्हणून वाचलं. सिक लाइन प्लॅटफॉर्मवरून दिसते, म्हणून तिथल्या डब्यांनाही रंग मारला गेला. आबाची खूण रंगाखाली गेली. दोन दिवसांनी कोणीतरी तो नवाकोरा दिसणारा डबा केळ्यांच्या गाडीला जोडून दिला.

चौकशीत साहेब लोक म्हणाले, रंग मारायचा हुकूम कोणीच दिला नव्हता. रंग कोणी मारला हेही कोणाला माहीत नव्हतं. डबा आपोआप रंगला होता. आबाने खूण केली याला पुरावा नव्हता. त्याची बढती अडकली ती अडकलीच, खलाशी, म्हणजे यार्डातला सर्वांत खालचा कामगार, म्हणून लागला आणि खलाशी म्हणूनच निवृत्त झाला. पण त्याहून वाईट म्हणजे त्याला नाव पडलं. केळे उखा. उखाजी सुरवाडे हे नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं, बाकी महिनाभर केळे उखा. शाळेत माझ्या दप्तरात सालं निघायची. माझ्या लग्नात मुलीकडच्यांनी फराळात केळी ठेवली, बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं, आणि आमच्याकडच्या एकूण एक माणसाने केळ्याकडे पाहिलं आणि मग आबाकडे पाहिलं.

तर त्या वर्षी रेल्वे सप्ताहाला इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये मॉडेलचं प्रदर्शन ठरलं. छोटे रूळ, छोटं यार्ड, छोटं स्टेशन, आणि त्यावर गावातल्या हौशी लोकांनी केलेली इंजिनं आणि डबे. उद्घाटनाला मुख्यालयातून मोठा साहेब येणार, आणि तो निवडेल तो एक डबा काचेच्या कपाटात घालून स्टेशनच्या दर्शनी भागात कायमचा ठेवणार. मी ठरवलं, केळ्यांचा तो डबा बनवायचा. तोच नंबर, तसाच तुटका पाटा, आणि त्यावर आबाची खूण. साहेब वाकून विचारणारच, हे काय. मग मी चारचौघांत सांगणार होतो, हे काय ते.

आबाला हे सांगितलं. तो म्हणाला, कायले जुनं उकरतो. मी ऐकलं नाही. पुढच्या रविवारी तो डबा बघायला आला आणि मग येतच राहिला.

खूण काढायच्या दिवशी आमचं भांडण झालं. मी म्हटलं, खूण तुरीच्या डाळीएवढी येईल. आबा म्हणाला, काहीच्या काही, माही खूण केवढी मोठी होती. मी हिशोब सांगितला, खरा डबा एवढा, माझा एवढा, तर खूण एवढीच. तो म्हणाला, हिशोब तुह्यापाशी ठेव, साऱ्या यार्डाले दिसायची ती. त्याच्या मापाने काढली असती तर निम्मा डबा खुणेतच गेला असता. शेवटी मी चिडून म्हटलं, मग तूच काढ. त्याने खडू मागितला. पांढरा रंग चालणार नाही, खडूच पाहिजे. मी खडू कुटून पूड केली, ती सुईच्या टोकाला लावून दिली. त्याने डब्याला टोक टेकवलं. गोल, आणि गोलात फुली. डाळीएवढीच आली.

मग त्याने डबा फिरवला आणि दुसऱ्या बाजूला सुई नेली.

“तिकडे कशाला?” मी म्हटलं. “ती बाजू भिंतीकडे असणार. कोणाला दिसणार नाही.”

“खूण दोन्हीकडून असते,” आबा म्हणाला. “कोन कुठून येते आपल्याले काय मालूम.”

दोन्हीकडे काढली.

हॉलचा सगळा कारभार कर्णिक नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. कर्मचारी कल्याण बघायचे. गोड बोलायचे, इतके गोड की ऐकून दात शिवशिवावेत. आदल्या दिवशी मी डबा नेऊन छोट्या यार्डाच्या सिक लाइनवर ठेवला तेव्हा त्यांनी तो चष्म्यावरून, चष्म्याखालून पाहिला आणि म्हणाले, सुरवाडे, काम सुंदर आहे, पण जरा अस्वच्छ वाटतं नाही का. मी समजावलं की तेच काम आहे. ते म्हणाले, हो हो, ते कळतं आहे, पण साहेबांच्या नजरेतून विचार करा. मी म्हटलं, साहेबांची नजर साहेब आणतील ना बरोबर. ते हसले. हा माणूस हसला की काहीतरी ठरवून बसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबाने इस्त्रीचा शर्ट घातला. डोक्यावर टोपी घातली, काढली, परत घातली. सायकल न घेता रिक्षाने गेलो.

हॉलच्या दारातच चुन्याचा वास आला. बाहेरच्या दगडांना चुना, कुंड्यांना गेरू, पायरीला रांगोळी. आत गेलो. टेबलावरचं छोटं यार्ड बघितलं आणि मला आधी कळेचना की काय झालंय. सगळं लख्ख होतं. रुळांशेजारी मी आणि इतरांनी खडी म्हणून पसरलेली बारीक वाळू होती, तिच्या कडेच्या ओळीला चुना फासला होता. एवढ्याशा खड्यांना. माचिसच्या काड्यांच्या झाडांच्या बुंध्यांना गेरूचा पट्टा होता. आणि सिक लाइनवर माझा डबा उभा होता, तांबड्या तेलरंगात न्हालेला, चकचकीत, ओला. गंज गेला, काजळी गेली, कडीखालचा मळ गेला. खूण गेली.

बाकीच्यांचे डबे तसेच होते. ते मुळातच नवे दिसत होते, त्यांना रंगाची गरज पडली नव्हती.

सुभानकाका कोपऱ्यात रॉकेलच्या डब्यात ब्रश धूत बसला होता. सुभान तडवी, रेल्वेचा पेंटर. आबाचा पत्त्यातला जोडीदार. ओट्यावर दोघं रोज संध्याकाळी रमी खेळायचे आणि रोज भांडायचे. त्याच्या पत्त्यांत डोकावत मी लहानाचा मोठा झालो असं आई म्हणायची. मी गेलो आणि त्याची कॉलर धरली.

“हे तू केलंस?”

“कर्णिक साहेब बोलले, जे घाण दिसेल ते मार,” तो खाली बघत म्हणाला. “तुहा डबा सगळ्यात घाण होता भाऊ.”

एवढी दाद मला आजवर कोणी दिलेली नाही. तेव्हा मात्र मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. म्हाताऱ्या माणसाला बोलू नये असं सगळं बोललो. डोळे फुटले होते का, एवढी खूण दिसली नाही का, सगळ्या गावाला माहीत असलेली खूण. त्याने कॉलर सोडवून घ्यायलाही हात वर केला नाही.

आबाने माझं मनगट धरून मला मागे ओढलं.

“सोड त्याले.”

“आबा, त्याने—”

“त्याले सांगितलं ते त्यानं केलं. सोड म्हन्तो ना.”

मला आबाचा राग आला. ज्याच्यासाठी एवढं केलं त्यालाच काही नाही. चेहरा असा की जणू बस चुकली, दुसरी येईल. मी डबा उचलायला गेलो तर कर्णिक धावत आले, म्हणाले हात लावू नका, ओला आहे, बोटं उमटतील, साहेबांची गाडी फाटकातून आत आली आहे. मी म्हटलं, मला माझा डबा घरी न्यायचा आहे. ते म्हणाले, सुरवाडे, तुम्ही मला नंतर धन्यवाद द्याल. तेवढ्यात बँड वाजला.

मोठा साहेब उत्तरेकडचा होता, उंच, मऊ हातांचा. मागे दहा-बारा माणसं, त्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर साहेबाचाच चेहरा. फीत कापली, टाळ्या झाल्या. साहेब टेबलाच्या कडेकडेने फिरला. एका पोराने पंख्याच्या मोटरवर इंजिन केलं होतं, ते बघून मान हलवली. मग तो छोट्या यार्डापाशी आला, चुन्याच्या ओळीकडे, गेरूच्या झाडांकडे, माझ्या तांबड्या डब्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याचा चेहरा खराखुरा उजळला.

“हूबहू,” तो म्हणाला. “मैंने इतने यार्ड देखे हैं. बिलकुल ऐसे ही होते हैं.”

आणि तो खोटं बोलत नव्हता. मला ते त्या क्षणी लख्ख दिसलं. नोकरीला लागल्यापासून त्याने पाहिलेलं प्रत्येक यार्ड असंच होतं. तो पोचायच्या आदल्या दिवशी रंगलेलं. चुन्याच्या वासाला तो रेल्वेचा वास समजत असणार.

कर्णिक मागून म्हणत होते, थँक्यू सर, थँक्यू सर. साहेबाने बोट माझ्या डब्याकडे केलं. हाच. हा काचेत ठेवा.

मी जिंकलो होतो. आबा माझ्या शेजारी टोपी हातात घेऊन उभा होता आणि साहेबाकडे नाही, कोपऱ्याकडे बघत होता. सुभानकाका तिथून उठून येत होता. ब्रश पुसायचं फडकं हातात, पायजम्यावर तांबडे थेंब. साहेबाच्या मागच्या माणसांनी त्याला वाट दिली, कारण त्यांना वाटलं तो काहीतरी पुसायला आलाय.

त्याने चष्मा लावला. दोन बोटांनी डबा वरून उचलला आणि फिरवून परत रुळांवर ठेवला.

दुसऱ्या बाजूला रंग नव्हता.

गंजाचे ओघळ तसेच होते. काजळी तशीच. कडीखाली हमालाच्या हाताचा मळ. आणि मधोमध गोल, गोलात फुली.

साहेब वाकला. मी इतके दिवस ज्या प्रश्नाची वाट बघत होतो तो त्याने विचारला. ये क्या है?

मी तोंड उघडलं, पण सुभानकाका आधी बोलला. त्याचं हिंदी आमच्या यार्डातलं होतं.

“सिक डिब्बा है साब. ये निशान इनका है. उखाजी सुरवाडे. इन्होंने दोनों बाजू निशान किया था, मैंने आपके बाजू का रंग दिया. तब भी मैंने ही दिया था, आज भी मैंने ही दिया.”

“तब, मतलब?” साहेबाने विचारलं.

मी आबाकडे पाहिलं. आबा जमिनीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्याला माहीत होतं. रमी खेळताना माहीत होतं, माझ्या दप्तरात सालं निघत होती तेव्हा माहीत होतं, मघाशी त्याने माझं मनगट धरलं तेव्हाही माहीत होतं.

सुभानकाका पुढे बोलायला लागला, पण कर्णिकांसारखी माणसं अशाच क्षणासाठी जन्माला येतात. ते साहेबाच्या आणि सुभानकाकाच्या मध्ये सरकले आणि एका दमात म्हणाले की सर, ही आमच्या सुरवाड्यांची कल्पना, स्वच्छता मोहीम आहे ना सर, एकच डबा, एक बाजू स्वच्छतेच्या आधी, एक बाजू स्वच्छतेनंतर.

साहेब सरळ झाला. क्षणभर त्याने सुभानकाकाकडे पाहिलं, क्षणभर डब्याकडे. मग हसला. टाळ्या वाजवल्या. मागच्या सगळ्यांनी वाजवल्या. साहेब म्हणाला, वंडरफुल, कपाटात याच्या मागे आरसा लावा, लोकांना दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत. कर्णिकांनी खिशातून पेन काढून आरसा लिहून घेतलं.

मग बँड परत वाजला आणि साहेब चहाला गेला. फोटोत मी आहे, आबा आहे, कर्णिक मध्ये आहेत. सुभानकाका नाही. तो तेव्हा रॉकेलचा डबा उचलून मागच्या दाराने गेला होता.

आम्ही त्याला यार्डाच्या फाटकापाशी गाठलं. चहाच्या टपरीवर तिघं बाकड्यावर बसलो. मला माफी मागायची होती आणि मागता येत नव्हती. सुभानकाकाच म्हणाला, रागावू नको भाऊ, चष्म्याशिवाय मारायला घेतलं, ब्रशचा एक फटका, झालं. मग दुसरी बाजू मारायला डबा उचलला, चष्मा लावला, आणि खूण दिसली. हात पुढे गेला नाही. कर्णिक मागे उभे होते, त्यांना म्हटलं, साहेब तिकडून बघणार नाही, राहू द्या. ते म्हणाले, बरोबर आहे, रंग कशाला वाया घालवायचा.

“अन् तेव्हा?” मी विचारलं.

“तेव्हा तर आमाले हुकूमच तसा असायचा. साहेबाकडची बाजू तेवढी मारायची.”

मी चहाचा ग्लास तोंडाला लावला होता. तो तसाच राहिला.

“म्हणजे खऱ्या डब्यालाही एकच बाजू?”

टपरीवाला स्टोव्हला पंप मारत होता.

“आबा,” मी म्हटलं. “खूण तू दोन्हीकडे केली होतीस.”

“व्हय.”

“डबा जोडणाऱ्यांनी ती बाजू पाहिली नसेल, पण मग दुसरी कुठे गेली? डबा उचलला तेव्हा ती खालच्या अंगाला असणार. चिखलात का होईना, असणार. तुझ्याजवळ पुरावा होता.”

आबाने बशीत चहा ओतला. फुंकर मारली. प्यायला. मी आयुष्यात एवढा लांब चहा पाहिलेला नाही.

“क्रेननं डबा उचलला तव्हा मीच पुढं होतो,” तो म्हणाला. “दिसत होती. जराशी फिसकटेल, पन दिसत होती.”

“मग?”

“पुसली.”

“पुसली?”

“केळीची पानं पडेल होती तिथं ढीगभर. एक उचललं अन् पुसली.”

सुभानकाका बाकड्याच्या फटीत नख घालून वाळलेला रंग खरवडत होता. आबाने त्याच्याकडे न बघता मला सांगितलं. त्या दिवशी सकाळी साहेब लोकांची कुजबुज त्याच्या कानावर आली होती. हुकूम आपण दिलाच नाही म्हणायचं, आणि डब्यावर रंग ताजा निघालाच तर पेंटरला धरायचं. पेंटर रोजंदारीवर होता, लागून वर्ष झालं नव्हतं, घरी नुकतं लग्न झालेलं. एका बाजूला खूण आणि दुसऱ्या बाजूला रंग असा डबा सापडला असता तर पहिला प्रश्न रंग कोणी मारला हाच निघाला असता. हुकूम देणारे सुटले असते. तेवढं आबाला कळत होतं.

“त्याची नोकरी कच्ची होती,” आबा म्हणाला. “माही पक्की होती. मले काढलं नसतं. नाही काढलं.”

“आणि केळे उखा?” माझा आवाज चढला. “आयुष्यभर? माझ्या दप्तरात—”

“मंग केळं तर केळं. काय झालं. खाल्लं का तुले त्यानं?”

सुभानकाका तेव्हा हसला. हसता हसता त्याने चष्मा काढला आणि त्याच रॉकेलच्या फडक्याने पुसला, त्यामुळे काचा आणखी धुरकट झाल्या. आबा त्याला म्हणाला, तुले कोनी सांगितलं होतं साहेबापुढं थोबाड उघडायले, आता कर्णिक तुही निवृत्ती खराब करीन. सुभानकाका म्हणाला, पुढच्या महिन्यात जातो, काय करीन तो, आंब्याच्या झाडाले बांधीन काय. मग दोघं आदल्या दिवशीच्या एका पत्त्यावरून भांडायला लागले, कोणी जोकर लपवला होता त्यावरून, आणि मी तिथे नसल्यासारखाच झालो.

कर्णिकांनी सुभानकाकाला काही केलं नाही. करायला त्यांना कबूल करावं लागलं असतं की डब्यावर रंग मारायला त्यांनी सांगितलं होतं. तो हुकूमही कोणी दिलेला नव्हता. डबा परत एकदा आपोआप रंगला होता.

काचेचं कपाट स्टेशनवर बसलं, चौकशीच्या खिडकीशेजारी. पुढे तांबडी चकचकीत बाजू, मागे आरसा, आरशात मळकी बाजू. खाली पाटी, स्वच्छतेआधी आणि स्वच्छतेनंतर. माझं नाव चुकीच्या आद्याक्षरांसह. मी तिथून जाताना मान फिरवून जायचो. आबा एकदाच बघायला आला, सुभानकाकाच्या निवृत्तीच्या दिवशी, दोघं हार-नारळ घेऊन समारंभातून परत येताना. मी बरोबर होतो.

आबा काचेजवळ वाकला. आधी तांबड्या बाजूकडे बघितलं आणि सुभानकाकाला म्हणाला की हात बरा चालते तुहा अजून. मग नाक काचेला टेकवून आरशात बघितलं. नंबर उलटा दिसत होता, अक्षरं उलटी दिसत होती. खूण सरळ होती. गोलाला आणि फुलीला उलटं-सुलटं काही नसतं.

काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली, ती त्याने बाहीने पुसली. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, आजोबा, काचेला हात लावू नका.

आबा सरळ झाला. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळला.

“मोठी काढाले पायजे होती,” तो म्हणाला. “मी सांगत होतो तुले.”